विंगेतला माणूस

सकाळी गाडीच्या काचेवर बर्फाचा पहिला थर दिसला. आमच्या मिनेसोटात पहिला बर्फ पडला की लोक फोटो काढतात, कोको पितात, मुलांना टोप्या घालून अंगणात सोडतात. मी काच खरवडत होते आणि तोंडाने पुटपुटत होते. शेजारीण लांबून हात हलवत म्हणाली, "ब्यूटिफुल, नो?" मी म्हटलं, "व्हेरी." मनात म्हटलं, तुला काय जातंय बाई ब्यूटिफुल म्हणायला, तुला कुठे कामावर पोचायचंय.

ईडन प्रेरी या आमच्या उपनगराच्या कडेला, तळ्याजवळ एक वृद्धनिवास आहे. तिथल्या विसरभोळ्यांच्या विभागात मी काम करते. विसरभोळे हा माझा शब्द. कागदोपत्री त्याला मेमरी केअर म्हणतात. माझ्या कामाचं नाव देश बदलला की बदलतं. ऑस्ट्रेलियात डायव्हर्शनल थेरपी, इथे रिक्रिएशन थेरपी, आणि नाशिकला माझ्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची मंजिरी अमेरिकेत म्हाताऱ्यांना रमवते." तेव्हा मला फार राग यायचा. मी रीतसर शिकले होते, परीक्षा दिली होती, आणि ह्यांनी माझी करमणूकवाली करून टाकली, असं वाटायचं. आता वाटतं, सगळ्यांत बरोबर त्यांनीच सांगितलं. माणूस रमत नसला की त्याचं काय होतं ते मी रोज बघते. तो भिंतीवर डोकं आपटतो, दार ओढतो, आपल्याच लेकीला चोर म्हणतो.

आज दुपारी एक माणूस काम बघायला येणार आहे. माझ्या जोडीची जागा गेल्या हिवाळ्यापासून रिकामी आहे. जानेवारीत माझा गुडघा बदलायचाय, त्यानंतर बरेच दिवस मी घरात पाय वर करून बसणार. हा माणूस टिकला तर तिथल्या माणसांना रमवायची आमची रोजची दुपारी चारची बैठक चालू राहील. बैठक चालली तर आमच्या विभागातले श्रीधरकाका आहेत त्या खोलीत राहतील. नाही चालली तर त्यांना पलीकडच्या बंद विभागात हलवतील. हिशेब इतका सरळ आहे.

या आधी तिघंचौघं येऊन गेली. एक मुलगा कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, फार गोड. दुपारी चारपर्यंत सगळ्यांचा लाडका झाला आणि पाचनंतर गाडीत बसून रडत होता. एक बाई आल्या, त्यांना वाटलं इथे बिंगो खेळवायचं असतं. खेळवतो ना आम्ही बिंगो, पण आकडा ओळखता येत नाही म्हणून एखाद्या निवृत्त प्राध्यापकाच्या डोळ्यांत पाणी आलं की पुढे काय करायचं, हे बिंगोच्या डब्यावर छापलेलं नसतं. त्या बाई दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. फोनही केला नाही.

मिनेसोटातली कातरवेळ फार लांबलचक असते. आपल्याकडे दिवेलागण म्हणजे थोडा वेळ, तेवढ्यात कोणी तुळशीपाशी जातं, कोणी चहा टाकतं, आणि रात्र होऊन जाते. इथे डिसेंबरात जेवणं आटोपून जरा आडवं व्हावं तोच उजेड पिवळा पडायला लागतो, आणि मग तो जातही नाही आणि राहतही नाही. आमच्या विभागातली माणसं त्या वेळेला अस्वस्थ होतात. ज्यांना वर्ष आठवत नाही, जोडीदार गेल्याचं आठवत नाही, त्यांना एवढं मात्र पक्कं कळतं, की आता घरी जायला हवं. हॅरल्ड दाराशी जाऊन कडी हलवतो, म्हणे त्याच्या गाईंचं दूध काढायचं राहिलंय. डॉरथी पर्स छातीशी धरून विचारत हिंडते, माझी गाडी कुणी आणणार आहे का. त्यांना 'हेच तुमचं घर' म्हणून सांगण्यात काही अर्थ नसतो, उलट भडकतात. त्यांना काहीतरी करायला द्यावं लागतं. काहीतरी म्हणजे वाट्टेल ते नव्हे. त्या माणसाचं स्वतःचं असं काहीतरी.

गेल्या हिवाळ्यात श्रीधरकाका आले ते अशाच पिवळ्या वेळेला. अनघा, त्यांची मुलगी, त्यांना हाताला धरून घेऊन आली. अनघा इथल्या एका मोठ्या कंपनीत आहे, हुशार, चटपटीत, बोलताना घड्याळाकडे बघणारी. अमरावतीचं घर बंद करून तिने वडिलांना इथे आणलं, दोन वर्षं स्वतःजवळ ठेवलं. मग काका बर्फात अनवाणी बाहेर पडायला लागले. "ताई, मी ट्राय केलं हो," ती मला म्हणाली, "आय रियली ट्राइड. पण मी मीटिंगमध्ये असायचे आणि बाबा रस्त्यावर." मी तिला जवळ घेतलं. आपल्या माणसांना अशा जागी आईवडील ठेवताना किती मरण येतं ते मला माहीत आहे. त्यांना वाटतं, तळ्यापलीकडचे सगळे मराठी लोक आपल्याकडेच बोट दाखवतायत. आणि खोटं कशाला बोलू, थोडे दाखवतातही.

काका उंच, सडपातळ, स्वेटरची सगळी बटणं लावलेले. मी "नमस्कार काका" म्हटल्यावर चेहरा उजळला. मला वाटलं, झालं, हे तर आपलेच. यांचं माझ्याशी जमणारच.

कसलं जमणं! चार वाजले की काका दिसेनासे व्हायचे. शोधायला जावं तर चादरींच्या ढकलगाडीमागे उभे, नाहीतर जेवणघराच्या पडद्याच्या घडीत. बाहेर काढलं की थरथरायचे. आणि जेवताना लोकांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहायचे आणि कानाशी काहीतरी कुजबुजायचे. आता विचार करा, सत्तर-ऐंशी वर्षांची गोरी बाई सूप पितेय आणि मागून एक अनोळखी माणूस तिच्या कानात पुटपुटतोय. तक्रारी यायला लागल्या. एकीने चमचा फेकला. आमच्या मुख्य नर्स शेरिल यांनी मला बोलावून विचारलं, "हे तुमच्या संस्कृतीत आहे का?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "आमच्या संस्कृतीत लोक समोरून आणि मोठ्याने बोलतात, तुम्ही कधी आमच्या पॉटलकच्या जेवणाला या."

अनघाला विचारलं, बाबांना कशाची आवड होती? ती फोनवर म्हणाली, "नाटकाचं वेड होतं ताई त्यांना! ऑफिसच्या नाटकांत असायचे. सगळी हयात त्यात." मला केवढा आनंद झाला. मी कामाला लागले. नाट्यगीतं लावली, काका उठून गेले. जुन्या नाटकाचा व्हिडिओ लावला. थोडा वेळ बघितला आणि टीव्हीच्या मागे जाऊन उभे राहिले. मी त्यांना गोलाच्या मधोमध खुर्ची दिली, म्हटलं, काका, एखादा संवाद म्हणा ना. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी तो विषय सोडून दिला.

आणि मग आली संक्रांत.

आमच्या भागातलं मराठी मंडळ दरवर्षी एखाद्या चांगल्या कामाला जातं. त्या वर्षी त्यांनी ठरवलं, काकांना भेटायचं. पंधरावीस जणं आली, काळ्या साड्यांवर जाड जाकिटं घालून. तिळगूळ आणला, डॉरथीलाही दिला, तिने तो पर्समध्ये टाकला. इथवर सगळं छान. पण आपल्या लोकांना म्हातारं माणूस दिसलं की हात शिवशिवतात. त्याला पुढे बसवलं नाही, शाल पांघरली नाही, हातात नारळ दिला नाही, तर आपल्याला पाहुणचार केल्यासारखा वाटतच नाही. काकांना पहिल्या रांगेतून उठवून पुढच्या खुर्चीत बसवलं. शाल आली. नारळ आला. टाळ्या झाल्या. अध्यक्षबाईंनी माइक त्यांच्या तोंडाशी धरला आणि प्रेमाने म्हणाल्या, "काका, दोन शब्द बोला."

काका उठले. चेहरा पांढराफटक. त्यांना मागे जायचं होतं, नुसतं मागे, भिंतीकडे. पण अध्यक्षबाईंनी कोपराला धरलं. "लाजताय काय काका, बोला की!" काकांनी हात हिसडला. बाई कॉफीच्या टेबलावर पडल्या, भांडं कलंडलं आणि शेजारी बसलेल्या एका आजींच्या हातावर गरम कॉफी सांडली. किंचाळी, पळापळ, नारळ फरशीवर गडगडत गेलेला. अध्यक्षबाई उठून पुन्हापुन्हा म्हणत होत्या, "अहो, मला काही झालं नाही," आणि काळ्या साडीला लागलेली कॉफी पुसत होत्या. कोणाचंच चुकलं नव्हतं. सगळे चांगलं करायलाच आले होते. याचीच मला सगळ्यात जास्त चीड आली.

दुसऱ्या दिवशी शेरिल यांनी अनघाला आणि मला बसवून सांगितलं. इजा झाली, नोंद झाली. हिवाळा संपताना आढावा घेऊ. तोवर श्रीधर शांत झाले, लोकांत मिसळायला लागले तर ठीक. नाहीतर त्यांना बंद विभागात हलवावं लागेल, औषधही वाढवावं लागेल. बंद विभाग म्हणजे कुलपाचं दार, पलीकडे दिवसभर लागलेला टीव्ही, आणि औषधाने मान खाली घालून बसलेली माणसं. तिथले कर्मचारी वाईट नाहीत. पण तिथे रमवायला कोणी नाही. मीही तिथे पुरी पडत नाही. तिथे गेलेला माणूस परत इकडे आलेला मी पाहिलेला नाही.

बाहेर आल्यावर अनघा म्हणाली, "ताई, कॅन यू डू समथिंग?" आणि तिचा आवाज फाटला.

मी काय करणार होते, डोंबल? माझी जोडीदारीण दिवाळीच्या सुमाराला नोकरी सोडून गेली होती. तिला विम्याच्या कंपनीत काम मिळालं; बसून काम, सुट्टीला सुट्टी. मी तिला दोष देत नाही. पण तिच्या वाटणीची माणसं माझ्याकडे आली. चारला एका वेळी दाराशी हॅरल्ड, पर्स घेऊन डॉरथी, पडद्यात काका, आणि मध्ये मी, एका गुडघ्यावर लंगडत. नाकी नऊ यायचे. घरी येऊन मी स्वयंपाकघरात कोटासकट बसून राहायचे आणि नवरा न विचारता खिचडी टाकायचा.

त्याच महिन्यात एकांकडे जेवायला गेलो होतो. तिथे निवृत्तीच्या गोष्टी चालल्या होत्या. आमची पिढी इथे तरुणपणी आली, आता सगळ्यांचे गुडघे आणि कान बोलायला लागलेत. कोणी फ्लोरिडात घर बघत होतं, कोणी पुण्यात. मी म्हटलं, "आणि डोकं काम करेनासं झालं तर? संध्याकाळी चार वाजता तुमच्यापाशी कोण बसणार?" सगळे हसले. एक जण म्हणाला, "तू आहेस ना, मंजिरी!" मी म्हटलं, "मी तुमच्यापेक्षा मोठी आहे. तुमच्या मुलांपैकी कोणाला पाठवता का या कामाला?" एकदम सगळ्यांना कोशिंबीर वाढून घ्यायची आठवण झाली. डॉक्टर पाहिजेत, नर्स पाहिजेत, हे सगळ्यांना कळतं. माणसाचा दिवस कोण भरणार, याला कोणी नोकरी मानायलाच तयार नाही. नवरा टेबलाखालून माझा पाय दाबत होता. मी गप्प बसले, पण माझं डोकं फिरलं ते घरी येईस्तोवर उतरलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी मी आणि अनघा पार्किंगमध्ये उभ्या होतो. तिची गाडी चालू, आतला हीटर घुरघुरतोय. मी दमून म्हटलं, "अगं, पण नाटकात ते काम तरी कसलं करायचे? नायक? खलनायक? म्हातारा? काहीतरी सांग, त्यातून मला धागा मिळेल."

"काम?" ती म्हणाली. "काम नाही करायचे ते. स्टेजवर आम्ही त्यांना कधी बघितलंच नाही. ते प्रॉम्प्टिंग करायचे."

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?" मी म्हटलं.

"आय मीन, सांगण्यासारखं काय आहे त्यात? आई म्हणायची, यांच्या नाटकाला जायचं आणि यांनाच बघायचं नाही, हे कसलं नाटक! ते विंगेत, अंधारात, मागे उभे असायचे."

मी इतक्या मोठ्याने हसले की अनघा घाबरली. मग मला रडू आलं. पडद्याची घडी, ढकलगाडी, खुर्च्यांच्या मागे उभं राहणं, कुजबुजणं! हा माणूस लपत नव्हता, कामावर हजर होत होता. अंधार पडला की नाटकाची वेळ. आम्ही सगळे मिळून त्याला विंगेतून ओढून उजेडात आणत होतो, वर शाल घालून म्हणत होतो, दोन शब्द बोला. त्यांच्या जागी मी असते तर मीही हात हिसडला असता.

दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या खोलीतून मी घडीचा पडदा आणला. बैठकीच्या खोलीत एका बाजूला तो उभा केला, मागे खुर्ची, लहान दिवा. आता संहिता हवी. संहिता होती डॉरथीकडे. ती शेतावर वाढलेली, आणि तिची एक गोष्ट होती, लहानपणच्या हिमवादळाची. वडिलांनी घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधला होता, वादळात काही दिसेनासं झालं तर दोर धरून जनावरांपर्यंत जायचं. ही गोष्ट ती रोज सांगायला घ्यायची आणि रोज अडकायची. 'वडिलांनी बांधला तो...' इथे शब्द जायचा. मग ती टेबलावर हात आपटायची, स्वतःलाच 'स्टुपिड, स्टुपिड' म्हणायची, रडायची. कोणी मदतीला पटकन सगळी गोष्ट सांगून टाकली तर आणखीच चिडायची. तिच्या तुकड्यातुकड्यांतून मी ती गोष्ट जुळवली आणि मोठ्या अक्षरांत छापून आणली.

काकांच्या हातात कागद दिला. त्यांनी तो दिव्याखाली धरला, चष्मा सारखा केला, कडा जुळवल्या. मग उजव्या हाताचं बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "घंटा झाली काय?"

मी म्हटलं, "झाली."

डॉरथीने सुरुवात केली. बोट तिच्याबरोबर सरकत होतं. माणूस बरंच काही विसरला तरी छापलेलं वाचणं पुष्कळदा उशिरापर्यंत शाबूत राहतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण असं बघितलं नव्हतं. 'वडिलांनी बांधला तो...' डॉरथी थांबली. चेहरा वाकडा व्हायला लागला. "द रोप," पडद्यामागून आवाज आला. अगदी अमरावतीच्या इंग्रजीत. हळू, पण नेमका तिच्यापर्यंत पोचेल एवढा. "द रोप!" डॉरथी म्हणाली आणि तशीच पुढे गेली, जणू शब्द तिलाच आठवला होता. काकांनी फक्त तेवढाच शब्द दिला होता. पूर्ण वाक्य नाही. मला नंतर कळत गेलं, प्रॉम्प्टरची हीच शिस्त, नटाचं वाक्य नटालाच म्हणू द्यायचं. एवढ्या वर्षांत मला कोणत्या शिबिरात हे कोणी शिकवलं नव्हतं.

त्या दिवसापासून चारची बैठक सुरू झाली. हॅरल्डच्या गाईंची संहिता झाली. दुसऱ्या एका आजींची केक करण्याची कृती झाली, ती सांगताना त्या अंड्यांपाशी अडायच्या. काका दुपारच्या जेवणानंतर पडद्याकडे बघायला लागायचे. कुजबुजणं थांबलं, कारण आता कुजबुजायला हक्काची जागा होती. कधी मलाच दटावायचे, "अहो बाई, काहून गलका करता? नाटक सुरू आहे ना." मला इतकं सुख कशाने झालं नव्हतं. पण धाकधूक होतीच. जोडीला कोणी नव्हतं. एका हाताने बैठक घ्यायची, दुसऱ्या हाताने दार सांभाळायचं. एखाद्या दिवशी मी आजारी पडले तर? सुट्टीच्या दिवशी मी येतच राहिले. नवरा म्हणाला, "तू आता तिथेच एक खोली घे." त्यात गंमत कमी आणि राग जास्त होता, आणि त्याचं बरोबरच होतं.

आढाव्याचा दिवस आला तो नेमका वादळाचा. त्या दिवसापुरती मदतीला बोलावलेली मुलगी रस्त्यात अडकली. शेरिल आणि व्यवस्थापक मागच्या भिंतीशी बसले, मांडीवर टॅब्लेट. अनघा दारापाशी उभी, कोट न काढता. हॅरल्ड दाराकडे जायला निघाला होता आणि त्याला आणायला कोणी नव्हतं.

डॉरथीने गोष्ट घेतली. दोरापाशी अडली, काकांनी शब्द दिला, ती पुढे गेली. मी श्वास सोडला. मग गोष्टीत तिचा भाऊ वॉल्टर आला. वॉल्टर दोर धरून गोठ्याकडे निघाला. "आणि मग वॉल्टर..." डॉरथी म्हणाली आणि थांबली.

पडद्यामागून काही नाही.

मी वाट पाहिली. काही नाही. शेरिल यांनी पडद्याकडे बघितलं, मग टॅब्लेटवर काहीतरी टिपलं. व्यवस्थापकाने पाय बदलला. दाराशी अनघाने डोळे मिटून घेतले. आजच! आजच यांना झोप लागावी! मी लंगडत पडद्यामागे गेले. काका जागे होते. बोट बरोबर त्या ओळीखाली होतं. पुढचा शब्द समोर छापलेला होता. मी खाली वाकून कळवळून म्हटलं, "काका, द्या ना शब्द!"

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि तोंडावर बोट ठेवलं. "विसरल्या नाही त्या," ते कुजबुजले. "थांबल्या आहेत."

मी तशीच उभी राहिले. बाहेर कोणी हललं नाही. आणि मग डॉरथीचा आवाज आला. वॉल्टर शीळ वाजवत गेला, ती म्हणाली. मी खिडकीशी होते. शीळ बराच वेळ ऐकू येत होती. मग नुसता वारा. हे माझ्या कागदावर नव्हतं. हे तिने आधी कधीच सांगितलं नव्हतं. हॅरल्ड दार सोडून आला आणि तिच्या शेजारी बसला. तिने त्याचा हात धरला. काकांनी बोट उचलून पानाच्या शेवटी नेऊन ठेवलं आणि वाट बघत राहिले.

नंतर शेरिल म्हणाल्या, "आज त्यांनी एकदा मदत केली नाही, बरोबर?" मी अशी काही उसळले, की मला आता सगळं आठवतही नाही. शेवटी म्हटलं, "इथे आपण सगळे पगारी लोक आहोत, आणि गप्प कधी राहायचं हे एकट्या त्यांना कळलं." शेरिल यांनी मांडीवरचा टॅब्लेट बाजूला ठेवला. बाई कडक आहेत, पण न्यायी आहेत. म्हणाल्या, "राहू देत त्यांना. ही बैठक रोज चालेल तोवर. पण रोज. ज्या दिवशी ती बंद पडेल, त्या दिवशी मला पुन्हा विचार करावा लागेल." मी विचारलं, "आणि जोडीची जागा?" त्या म्हणाल्या, "जाहिरात दिलेली आहे."

ती अजून दिलेलीच आहे. उन्हाळा गेला, पानं गळली. काका आता कधी कधी कालचाच कागद धरून बसतात, कधी मला अमरावतीच्या कोणा वहिनी समजतात. पण बोट सरकतं. मी सुट्टी न घेता रेटत राहिले आणि गुडघ्याने शेवटी हात टेकले. डॉक्टर म्हणाले, आता पुढे ढकलायचं नाही.

तर आज दुपारी काम बघायला कर्ट आला. साठीच्या आसपासचा, दाढीवाला, आडमाप. इतकी वर्षं शाळेची बस चालवायचा, आता कंटाळा आला म्हणाला. मी मनात म्हटलं, झालं, हा उद्या नाही. मी त्याला काही समजावलं नाही. माझ्यात त्राणच नव्हतं. म्हटलं, मागे बस आणि बघ. तो हॅरल्डच्या शेजारी बसला. डॉरथी दोरापाशी अडली तेव्हा त्याने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात पडद्यामागून शब्द आला. त्याने मान वळवून तिकडे पाहिलं. वॉल्टरपाशी ती थांबली तेव्हा त्याने पुन्हा तोंड उघडलं, पडद्याकडे कानोसा घेतला, तिकडून काहीच येत नाही असं बघून आपलंही तोंड मिटलं, आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला. मी त्याच्याकडेच बघत होते.

बैठक संपली. कर्टने कोट घातला, टोपी हातात फिरवत उभा राहिला. मला वाटलं, आता सांगेल, नाही जमणार.

"तो मागे बसतो तो माणूस," तो म्हणाला, "फार चांगला आहे. किती वर्षं झाली त्याला इथे कामाला?"

काका पडद्यामागे कागद गोळा करत होते, कडा जुळवत होते. "बरीच," मी म्हटलं.

"मला शिकवेल का तो?"

मी मराठीत विचारलं, "काका, हे विचारतायत, तुम्ही यांना शिकवाल का?"

काकांनी पडद्याच्या कडेवरून डोकं बाहेर काढून कर्टला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "उद्या तालमीला वेळेवर या म्हणावं," ते म्हणाले. "आणि बूट वाजवू नका म्हणावं, मागे आवाज येतो."

मी ते इंग्रजीत सांगितलं. कर्टने आपल्या बर्फाळलेल्या बुटांकडे पाहिलं, मग काकांकडे.

"येस, सर," तो म्हणाला.